रग्बी सोडून ‘फुटी’कडे गेलेले खेळाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियन फुटबॉलविषयी (बोलीत ‘फुटी’) मराठी वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत एक विषय सतत डोके वर काढतो: रग्बी खेळून मोठा झालेला माणूस या अगदी वेगळ्या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचतो तो कसा, आणि पोहोचल्यावर टिकतो का? पुढील उत्तरांत कॅनडाच्या माइक पाइकची वाटचाल मध्यवर्ती ठेवली आहे, कारण आमच्या मते या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण तेच आहे. एका उत्तरातील मजकूर दुसरीकडे लागत असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे रग्बीच ना? दोन्हीकडे चेंडू लांबट असतो.

नाही. चेंडूचा आकार आणि अंगाला अंग भिडवणे एवढेच साम्य वरवर दिसते. ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळला जातो, प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात आणि २० मिनिटांचे चार डाव होतात. खेळ थांबलेला वेळ प्रत्येक डावाला जोडला जात असल्याने प्रत्यक्षात डाव बराच लांबतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण. मधला आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेला की ‘बिहाइंड’, म्हणजे एक गुण. ऑफसाइड हा नियमच नाही. चेंडू हाताने फेकता येत नाही. तो एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा असतो, ज्याला ‘हँडबॉल’ म्हणतात, किंवा पायाने लाथाडायचा असतो, आणि या दोन्ही प्रकारे तो पुढे, मागे, बाजूला, कोठेही देता येतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला दर १५ मीटरला तो जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. सहकाऱ्याने किंवा प्रतिस्पर्ध्याने पायाने मारलेला आणि किमान १५ मीटर प्रवास केलेला चेंडू कोणाच्याही स्पर्शाविना झेलला की तो ‘मार्क’ ठरतो आणि झेलणाऱ्याला विनाअडथळा पुढची किक घेता येते. क्रिकेटप्रेमी मराठी माणसाला हा खेळ पहिल्यांदा पाहताना डोळ्यांत भरतो तो हा झेलच. कधी कधी तो प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून घेतलेला असतो, आणि तो नियमात बसतो.

२. बातम्यांत कधी ‘रग्बी युनियन’ तर कधी ‘रग्बी लीग’ येते. कोण कोठून आला हे कसे ओळखायचे?

युनियनमध्ये १५ आणि लीगमध्ये १३ खेळाडू असतात. इंग्लंडमध्ये १८९५ साली खेळाडूंना भरपाई देण्याच्या वादातून दोघांची ताटातूट झाली आणि सिडनीत १९०८ साली लीगची स्पर्धा सुरू झाली. या पानावरील खेळाडूंपैकी पाइक युनियनमधून आला, तर कार्मायकल हंट आणि इस्राएल फोलाऊ लीगमधून. ‘फुटी’ या शब्दाने मात्र हमखास गोंधळ होतो: मेलबर्नमध्ये त्याचा अर्थ ऑस्ट्रेलियन फुटबॉल, आणि सिडनीत बहुतेकांच्या तोंडी तो रग्बी लीगसाठी असतो. ही विभागणी प्रश्न १० मध्ये पुन्हा येईल.

३. रग्बीपटूला तर टॅकल येते, पळता येते, झेल घेता येतो. मग अडचण कशाची?

अडचण अशी की त्याला जे येते त्यातील निम्मे उपयोगी पडते आणि उरलेले निम्मे आड येते. आणि आड येणारे हाडीमाशी खिळलेले असते.

टॅकलचेच घ्या. रग्बीत पळणाऱ्याच्या घोट्याला हात मारून त्याला पाडणे हे कौशल्य समजले जाते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये खांद्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर एवढाच पट्टा टॅकलसाठी मोकळा आहे. रग्बीत मागून झडप घालून माणसाला तोंडघशी पाडता येते. येथे पाठीत धक्का बसला की पंच लगेच फ्री किक देतात. त्याहून कठीण गोष्ट स्वतः टॅकल झाल्यावरची. रग्बीपटूला लहानपणापासून शिकवलेले असते की पकडले गेलात तर चेंडू छातीशी घट्ट धरा, खाली जा आणि आपल्या बाजूचे लोक येईपर्यंत तो सांभाळा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये हाच गुन्हा आहे. चेंडू सोडण्याची संधी मिळूनही तुम्ही तो धरून बसलात तर तो प्रतिस्पर्ध्याला बहाल केला जातो, आणि प्रेक्षकांतून ‘बॉल!’ अशी एकसुरात आरोळी उठते. वर्षानुवर्षे अंगात मुरलेली सवय एका क्षणात उलटी करायची, तीही कोणीतरी अंगावर येऊन आदळत असताना, हे काम सरावाच्या मैदानावर जेवढे सोपे वाटते तेवढे सामन्यात नसते.

दुसरी बाब दिशेची. रग्बीत प्रतिस्पर्धी समोर असतो, आपले लोक मागे किंवा बाजूला असतात, आणि खेळाला पुढे-मागे असा स्पष्ट अक्ष असतो. येथे ऑफसाइड नसल्यामुळे प्रतिस्पर्धी पाठीमागून, कुशीतून, कोठूनही येतो, आणि चेंडूपासून पाच मीटरच्या आत असलेल्या पण चेंडू हाती नसलेल्या माणसालाही शरीर आडवे घालून रोखता येते. रग्बीत असे करणे सरळसरळ अडथळा ठरेल. म्हणून नवख्या रग्बीपटूला पहिल्या काही महिन्यांत आपण डोळे बांधून खेळतो आहोत असे वाटले, तर त्यात नवल नाही.

तिसरी बाब किकची, आणि आमच्या मते खरी भिंत हीच आहे. रग्बीत लाथ मारणे हे काही ठरावीक खेळाडूंचे काम असते, आणि बहुतेक वेळा ती जागा जिंकण्यासाठी किंवा गुणांसाठी असते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये अठराही जणांना, धावता धावता, चाळीस मीटरवरच्या पळत्या सहकाऱ्याच्या छातीवर चेंडू पोहोचवता आला पाहिजे. त्यासाठी ‘ड्रॉप पंट’ वापरतात: चेंडू उभा धरून हाताने पायापर्यंत नेऊन सोडायचा आणि तो हवेत उलटा फिरत जाईल असा मारायचा. मेलबर्नमधील मूल हे सहाव्या वर्षी अंगणात शिकते. चोविसाव्या वर्षी शिकणाऱ्याला ते येते, पण थकलेल्या पायांनी शेवटच्या डावात येत नाही. थकव्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवे की मधल्या फळीतील खेळाडू एका सामन्यात बारा ते पंधरा किलोमीटर धावतो. धडकांसाठी कमावलेले जड शरीर त्या अंतराला पुरत नाही आणि ते नव्याने घडवावे लागते.

उपयोगी काय पडते? उंच चेंडूखाली न घाबरता उभे राहणे, धडक सोसणे, आणि व्यावसायिक खेळाडूची शिस्त. पाइकच्या बाबतीत या यादीत दोन मीटर उंचीची भर होती.

४. माइक पाइक नेमका कोण?

माइक पाइक याचा जन्म २४ मार्च १९८४ रोजी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हिक्टोरिया या शहरी झाला. तेथील हवामान कॅनडाच्या मानाने सौम्य असल्याने देशातील रग्बीचे ते एक प्रमुख केंद्र आहे. पाइक कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून फुलबॅक आणि विंग या जागांवर खेळला. इतक्या उंच माणसाला रग्बी युनियनमध्ये सहसा दुसऱ्या फळीत, स्क्रमच्या घुसळणीत उभे करतात. हा मात्र मागे राहून उंच चेंडू झेलायचा आणि मोकळ्या जागेत पळायचा. जून २००७ मध्ये हॅमिल्टन येथे न्यूझीलंडने कॅनडाला ६४–१३ असे धुतले, पण त्या पराभवातही ऑल ब्लॅक्सविरुद्ध (न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ) लांब पल्ल्याची धाव घेऊन पाइकने केलेली ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, लोकांच्या लक्षात राहिली. त्याच वर्षी तो फ्रान्समधील विश्वचषकात खेळला आणि पुढे फ्रान्सच्याच मोंतोबां क्लबकडून व्यावसायिक रग्बी खेळला.

त्यानंतर, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने जवळजवळ न पाहिलेल्या खेळाकडे वळायचे ठरवले. या खेळाची त्याची ओळख मुख्यतः इंटरनेटवरच्या चित्रफितींतून झाली होती. डिसेंबर २००८ मध्ये झालेल्या रुकी ड्राफ्टमध्ये (पाहा प्रश्न ६) सिडनी स्वान्स या क्लबने त्याला घेतले, २००९ मध्ये तो पहिला सामना खेळला, आणि २०१५ अखेर निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर ११० सामने जमा झाले होते. ११० हा आकडा वाचून ‘एवढेच?’ असे विचारणारे पत्र आम्हांला आले होते. या खेळात शंभर सामने पूर्ण होणे हा लहानपणापासून फुटी खेळलेल्यांसाठीही मानाचा टप्पा असतो, आणि ड्राफ्टमध्ये निवडलेल्यांपैकी पुष्कळ जण त्याच्या जवळपासही जात नाहीत.

५. त्याला ‘रकमन’च का केले? हा शब्द रग्बीतलाच आहे का?

शब्द सारखा, काम वेगळे. रग्बीत ‘रक’ म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवती दोन्ही संघांनी केलेली ढकलाढकली. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये खेळ थांबून पुन्हा सुरू होताना पंच चेंडू वर उडवतात, आणि दोन्ही संघांचे सर्वांत उंच खेळाडू उडी घेऊन तो आपल्या माणसाकडे टोलवण्याचा प्रयत्न करतात; त्या उंच खेळाडूला रकमन म्हणतात. बास्केटबॉलची सुरुवातीची उडी डोळ्यांसमोर आणावी, फक्त ती सामन्यात अनेक डझन वेळा होते आणि प्रत्येक वेळी समोरचा शंभर किलोचा माणूस गुडघा पुढे काढून येतो.

दुसऱ्या खेळातून आलेल्यासाठी ही जागा तुलनेने सोयीची असते. उंची शिकवता येत नाही, आणि रकमनकडून चाळीस मीटरच्या अचूक किकची रोज अपेक्षा नसते. म्हणजे प्रश्न ३ मधील भिंत येथे थोडी बुटकी असते. अमेरिकेत बास्केटबॉल खेळून आलेला मेसन कॉक्स कॉलिंगवूड क्लबकडून रक आणि आघाडीच्या फळीतच खेळला आणि २०२३ चे विजेतेपद जिंकलेल्या संघात होता. सोयीची याचा अर्थ सोपी असा मात्र नव्हे. रकमनची उडी, हाताचा कोन आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगाचा आधार घेण्याची कला मुरायला वर्षे लागतात, आणि जन्मजात फुटी खेळणारे रकमनही पंचविशीनंतरच परिपक्व होतात असे क्लबांचे जुने अनुमान आहे. चोविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या पाइकला हे अनुमान फायद्याचे ठरले.

६. ‘रुकी ड्राफ्ट’ म्हणजे काय? थेट करार का नाही करत?

युरोपातल्या फुटबॉल क्लबांप्रमाणे येथे हवा तो नवा खेळाडू पैसे टाकून उचलता येत नाही. १९८६ पासून राष्ट्रीय ड्राफ्ट असतो: हंगामात तळाशी राहिलेल्या क्लबला आधी निवड, विजेत्याला शेवटी. त्याच्या जोडीला १९९७ पासून रुकी ड्राफ्ट आला, ज्यातून क्लब मुख्य यादीबाहेर काही उमेदवार कमी मोबदल्यावर बाळगू शकतो. पाइक आला त्या काळी रुकीला मुख्य संघातून खेळायचे असेल तर आधी त्याला मुख्य यादीत बढती द्यावी लागे. तोपर्यंत राखीव संघातून खेळायचे, सराव करायचा आणि वाट पाहायची.

ही व्यवस्था अपमानास्पद वाटू शकते, विशेषतः विश्वचषक खेळून आलेल्याला. पण शिकणाऱ्यासाठी तिच्यासारखी सोय नाही. क्लबचे फारसे पैसे अडकलेले नसतात, वर्तमानपत्रे मागे लागलेली नसतात, आणि राखीव संघाच्या सामन्यात चेंडू चुकीच्या माणसाकडे गेला तर दुसऱ्या दिवशी त्यावर अग्रलेख येत नाही. हंट आणि फोलाऊ यांना ही आडोशाची जागा मिळाली नाही; पाहा प्रश्न ८ आणि ९.

७. २०१२ च्या अंतिम सामन्यात पाइक प्रत्यक्ष खेळला होता की नुसता संघात होता?

खेळला होता. २९ सप्टेंबर २०१२ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, जवळपास एक लाख प्रेक्षकांसमोर, सिडनी स्वान्सने हॉथॉर्नला ९१–८१ असे हरवले. गोल सिडनीचे १४ आणि हॉथॉर्नचे ११. हॉथॉर्नने १५ बिहाइंड मारून संधी वाया घालवल्या नसत्या तर निकाल उलटा लागला असता. शेवटच्या मिनिटात निक माल्चेस्कीने वळून मारलेल्या गोलने सामना सुटला, रायन ओकीफ सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि रकची जबाबदारी शेन ममफर्डच्या जोडीने पाइकने उचलली. या खेळाचे विजेतेपद मिळवणारा तो पहिला कॅनेडियन. ममफर्ड २०१३ अखेर दुसऱ्या क्लबकडे गेल्यावर रकचा भार मुख्यतः पाइकवर आला, आणि पाच वर्षांपूर्वीचा रुकी आता पहिल्या पसंतीचा रकमन झाला.

स्वान्सचे घरचे मैदान सिडनी क्रिकेट ग्राउंड आहे. सचिन तेंडुलकरने जानेवारी २००४ मध्ये जेथे नाबाद २४१ केले, त्याच हिरवळीवर हिवाळ्यात पाइक उड्या मारत असे.

८. कार्मायकल हंटचे काय? तो यशस्वी म्हणायचा की अयशस्वी?

हंटचा जन्म ऑकलंडचा, पण रग्बी लीगमध्ये तो घडला ब्रिस्बेनमध्ये. २००४ मध्ये सतराव्या वर्षी ब्रिस्बेन ब्राँकोजकडून पदार्पण, २००६ मध्ये लीगचे विजेतेपद, क्वीन्सलंड आणि ऑस्ट्रेलियाकडून निवड, असा तो तेविशीच्या आतच सिद्ध झालेला तारा होता. २००९ मध्ये त्याने नव्याने स्थापन होणाऱ्या गोल्ड कोस्ट क्लबकडे जाण्याची घोषणा केली तेव्हा दोन्ही खेळांत खळबळ उडाली. मधल्या काळात तो फ्रान्समध्ये बिआरित्झकडून रग्बी युनियन खेळला, आणि त्या क्लबसह २०१० च्या युरोपियन अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून दोन गुणांनी हरला.

एप्रिल २०११ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबावर गोल्ड कोस्ट सन्सचा पहिला सामना झाला. कार्लटनने त्यांना ११९ गुणांनी चिरडले. हंट त्या सामन्यात होता. म्हणजे नवखा खेळाडू, नवखा संघ आणि प्रत्येक चुकीवर रोखलेले कॅमेरे, असे तिन्ही एकत्र आले. पहिल्या हंगामातील त्याचा खेळ चाचपडता होता, यात शंका नाही. पण जुलै २०१२ मध्ये केर्न्स येथे रिचमंडविरुद्ध त्याने मार्क घेतला, सायरन वाजला, आणि वेळ संपल्यानंतर मारलेल्या त्याच्या किकने सन्सने सामना दोन गुणांनी जिंकला. ज्या कौशल्यासाठी त्याची सर्वाधिक टिंगल झाली, त्याच कौशल्याने त्याने सामना जिंकून दिला.

२०१४ पर्यंत ४४ सामने खेळून तो रग्बी युनियनकडे परतला आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनियन संघातूनही खेळला. ४४ सामने खेळलेल्याला अयशस्वी म्हणणे अन्यायाचे होईल. तो साधारण, कष्टाळू, उपयुक्त खेळाडू झाला. बोंब झाली ती त्याला दिलेल्या पैशांची.

९. आणि इस्राएल फोलाऊ?

फोलाऊचा प्रयोग फसला, हे स्पष्ट म्हणायला हरकत नाही. मेलबर्न स्टॉर्म आणि ब्रिस्बेन ब्राँकोजकडून रग्बी लीगमध्ये गाजलेल्या या उंच, विलक्षण झेप असलेल्या विंगरला २०१० मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सने करारबद्ध केले. चार वर्षांसाठी सुमारे साठ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, असा आकडा त्या वेळी वर्तमानपत्रांत आला होता. २०१२ च्या पहिल्या हंगामात तो १३ सामने खेळला आणि त्याने दोन गोल केले. झेल घेण्यात तो कमी नव्हता. तो पोहोचायचा तेव्हा चेंडू दुसरीकडे गेलेला असायचा. कोणत्या क्षणी कोठे धावावे हे ज्ञान उंचीने किंवा वेगाने मिळत नाही, आणि ज्या संघाने वर्षभरात दोनच सामने जिंकले त्या संघात ते शिकवायला अनुभवी माणसेही मोजकीच होती.

वर्षअखेर तो करार सोडून रग्बी युनियनकडे गेला आणि २०१३ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत त्याने दोन ट्राय केल्या. एका हंगामापूर्वी जो हरवल्यासारखा दिसत होता तोच माणूस ओळखीच्या व्याकरणात परतताच पुन्हा तारा झाला. (२०१९ मध्ये त्याचा करार रद्द झाला त्या वादाचा या विषयाशी संबंध नसल्याने त्याविषयीची पत्रे येथे घेतलेली नाहीत.)

१०. एवढा पैसा शिकाऊ खेळाडूंवर उधळण्यामागे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा हिशेब काय होता?

हिशेब नकाशाचा होता. ऑस्ट्रेलियात एक काल्पनिक रेषा मानतात, तिला ‘बरासी रेषा’ म्हणतात. इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये एका व्याख्यानात ही कल्पना मांडली आणि तिला रॉन बरासी या नामवंत फुटबॉलपटूचे नाव दिले. रेषेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, तर पूर्वेला आणि उत्तरेला, म्हणजे न्यू साउथ वेल्सचा बहुतांश भाग व क्वीन्सलंड येथे, रग्बी. सिडनी आणि ब्रिस्बेन ही दोन मोठी शहरे रेषेच्या ‘चुकीच्या’ बाजूला पडतात. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलवला गेला तो याच कारणाने, आणि २०११ मध्ये गोल्ड कोस्ट व २०१२ मध्ये पश्चिम सिडनी येथे नवे क्लब उभे राहिले तेही याच कारणाने.

या भागात नव्या क्लबचे नाव घरोघरी पोहोचवायचे तर तेथील लोकांच्या ओळखीचा चेहरा हवा होता. हंट आणि फोलाऊ हे चेहरे होते. त्यांच्या मानधनाचा काही भाग प्रसिद्धीच्या कामासाठी म्हणून खुद्द लीगने उचलला होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. शिवाय १६ संघ असताना एका आठवड्यात आठ सामने होत, १८ झाल्यावर नऊ, आणि २०१२ ते २०१६ च्या प्रक्षेपण हक्कांसाठी लीगला सव्वाशे कोटी डॉलरच्या घरात रक्कम मिळाली. त्या आकड्यापुढे फोलाऊचा करार किरकोळ दिसतो. म्हणून ‘प्रयोग फसला’ हे विधान मैदानापुरते खरे आहे. जाहिरात म्हणून तो फसला की नाही यावर सिडनीत अजून वाद होतो. आमचा कल असा, की दोन वर्षे मथळे मिळाले आणि त्यापुढे चाहते मिळवून दिले ते प्रश्न १२ मधील अकादमींनी.

११. रग्बीतून येणाऱ्याला तयार व्हायला किती काळ लागतो?

नियम सांगता येणार नाही. पाइकच्या बाबतीत ड्राफ्टपासून विजेतेपदापर्यंत जवळजवळ चार वर्षे गेली. हंटला सूर सापडेपर्यंत दुसरा हंगाम उजाडला. फोलाऊने एकच हंगाम दिला.

१२. लहानपणी रग्बी खेळून नंतर इकडे आलेले आहेत का, की सगळे मोठेपणीच उडी मारतात?

आहेत, आणि तो मार्ग अधिक खात्रीचा आहे. सिडनीतील रग्बीच्या परंपरेच्या शाळेत शिकलेला लुईस रॉबर्ट्स-थॉमसन शालेय वयातील रग्बीनंतर स्वान्सकडे आला आणि २००५ व २०१२ अशा दोन्ही विजेत्या संघांत खेळला. २००५ चे ते विजेतेपद क्लबला ७२ वर्षांनी मिळाले होते.

आता ही वाट संस्थात्मक झाली आहे. २०१० च्या सुमारास लीगने उत्तरेकडील चार क्लबांना, म्हणजे सिडनी, ग्रेटर वेस्टर्न सिडनी, ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट यांना, स्वतःच्या अकादमी काढण्याची मुभा दिली. रग्बीच्या प्रदेशातील मुलाला क्लब शाळकरी वयातच हाताशी धरतो आणि ड्राफ्टच्या वेळी दुसऱ्या क्लबने त्याच्यावर बोली लावली तर तिची बरोबरी करून त्याला राखू शकतो. न्यूकॅसल हा रग्बी लीगचा गड. तेथे वाढलेला आयझॅक हीनी २०१४ मध्ये याच वाटेने स्वान्सकडे आला. दक्षिणेतील क्लब या सवलतीविरुद्ध दरवर्षी कुरकुर करतात.

१३. एखादा मुलगा लहानपणी फुटी खेळला, मग रग्बीकडे गेला आणि परत आला, तर त्याला ‘दुसऱ्या खेळातला’ म्हणून सवलत मिळते का?

प्रश्न बारीक आहे, पण खरोखर पुन्हा पुन्हा येतो. रुकी यादीत ‘ब’ वर्ग म्हणून एक कप्पा आहे. परदेशी खेळाडूंबरोबरच, सलग तीन वर्षे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या कोणत्याही स्पर्धेत नोंदणी नसलेला खेळाडू त्यात बसू शकतो आणि क्लबला तो ड्राफ्टच्या रांगेबाहेरून घेता येतो. म्हणजे बालपणी खेळला की नाही याला महत्त्व नाही; लगतच्या तीन वर्षांतील नोंदणी पाहिली जाते. दोन्ही खेळ एकाच वेळी खेळणारा शाळकरी मुलगा या कप्प्यात बसत नाही. त्याला नेहमीच्या ड्राफ्टमधूनच यावे लागते, किंवा तो उत्तरेतील असेल तर अकादमीमार्गे. यादीचे नियम लीग वारंवार बदलते, त्यामुळे प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी चालू हंगामाची नियमावली पाहावी.

१४. महिलांमध्ये असे कोणी आहे का?

आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची महिलांची लीग २०१७ मध्ये सुरू झाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रग्बी सेव्हन्सचे (सात-सात खेळाडूंची रग्बी) सुवर्णपदक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघातील क्लोई डाल्टन २०१९ मध्ये कार्लटनकडून खेळू लागली आणि पहिल्याच हंगामात तिचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. पुढे ती ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडूनही खेळली. महिलांच्या सामन्यात १६ खेळाडू मैदानात असतात, आणि सेव्हन्सच्या मोकळ्या मैदानात धावायची सवय असलेल्यांना ही मोकळीक मानवते. शिवाय लीग नवी असताना सगळ्याच क्लबांना खेळाडू शोधायचे होते, म्हणून दुसऱ्या खेळातील स्त्रियांना पुरुषांपेक्षा लवकर दार उघडे मिळाले.

१५. हा खेळ रग्बीतूनच जन्मला असे वाचले. मग एवढे वेगळेपण कोठून आले?

टॉम विल्स हे नाव येथे घ्यावेच लागते. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या विल्सला वडिलांनी शिक्षणासाठी इंग्लंडमधल्या रग्बी स्कूलमध्ये पाठवले होते. तेथे तो क्रिकेटचा कर्णधार झाला आणि शाळेचा फुटबॉलही खेळला. परत आल्यावर जुलै १८५८ मध्ये त्याने मेलबर्नच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवले की क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात सुस्त पडण्यापेक्षा फुटबॉल क्लब काढावा. मे १८५९ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेलबर्न क्लबचे पहिले नियम लिहिले, तेव्हा रग्बी स्कूलच्या नियमांतील नडग्यांवर लाथा मारण्याची मुभा वगळण्यात आली. मेलबर्नची कडक जमीन आणि सोमवारी कामावर जावे लागणारे प्रौढ खेळाडू यांना ती परवडणारी नव्हती. आदिवासींच्या मार्नग्रूक या खेळाचा विल्सवर प्रभाव पडला होता का, यावर इतिहासकारांत एकमत नाही. तेव्हा रग्बीतून फुटीकडे गेलेला पहिला माणूस शोधायचाच असेल, तर पाइकच्या दीडशे वर्षे आधी गेलेला विल्सच म्हणावा लागेल.

१६. आम्ही सिडनीत राहतो. मुलगा शाळेत रग्बी खेळतो, त्याला फुटी शिकवायची आहे. उशीर झाला का?

शाळकरी मुलाला उशीर झालेला नाही. लहान मुलांसाठी ‘ऑसकिक’ हा प्राथमिक उपक्रम देशभर चालतो. त्याहून मोठ्यांसाठी वस्तीतल्या क्लबांचे कनिष्ठ संघ असतात. सिडनीत दोन्ही खेळांचा हंगाम हिवाळ्यातच येतो, त्यामुळे शनिवार-रविवारचे वेळापत्रक आधी जुळवून पाहावे. क्रिकेटमुळे उंच झेलाची भीती गेलेली असेल तर अर्धे काम झालेलेच असते. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याला चेंडू घेऊन द्यावा आणि रोज संध्याकाळी समोर उभे राहून त्याच्या किका झेलाव्यात, दोन्ही पायांनी मारलेल्या. डाव्या पायाच्या किका सुरुवातीला शेजाऱ्यांच्या अंगणात जातील. ते आधीच सांगून ठेवावे.